‘कुणाबरोबर गेली?’ हा पहिला प्रश्न नव्हे

घरातली तरुण मुलगी किंवा सून संध्याकाळी परतली नाही, की गल्लीत, नातेवाइकांत आणि पोलीस ठाण्यातही आधी एकच प्रश्न येतो: कुणाबरोबर गेली? पुरुष बेपत्ता झाला तर प्रश्न थोडा बदलतो. घरात भांडण झालं होतं का, दारू पीत होता का. दोन्ही प्रश्नांचा रोख माणसाच्या चालचलणुकीकडे असतो. सोलापुरात एका नागरी सहकारी बँकेत कर्ज आणि वसुली या दोन टेबलांवर माझी नोकरी झाली. त्या खुर्चीवरून मी बेपत्ता माणसांची मागे राहिलेली घरं पाहिली, आणि माझं ठाम मत झालं की पहिला प्रश्न वेगळा हवा: त्या माणसाच्या डोक्यावर कुणाचं देणं होतं, आणि वसुलीला कोण येत होतं?

हे मत पूर्ण ताकदीनं मांडलेलं मला भेटलं ते एका जपानी रहस्यकादंबरीत. मियुकी मियाबे या लेखिकेची ‘काशा’ ही कादंबरी १९९२ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला यामामोतो शुगोरो पुरस्कार मिळाला. ‘ऑल शी वॉज वर्थ’ या नावानं तिचा इंग्रजी अनुवाद आहे. मी वाचला तो तोच. बेपत्ता माणसाचा तपास कसा करावा, हे मला या कादंबरीइतकं नीट कुठल्याच परिपत्रकात वाचायला मिळालेलं नाही. म्हणून आपल्याकडच्या तपासाबद्दल लिहिताना मी तिचाच आधार घेते. कथानकातला मुख्य उलगडा पुढे येणार आहे. तो आधी कळल्यानं पुस्तकाची गोडी कमी होत नाही, कारण त्याचं बळ उलगड्यापेक्षा वाटेत आहे.

होन्मा हा तोकियो पोलिसांतला गुप्तहेर. गुडघ्याला गोळी लागल्यामुळे रजेवर आहे. पत्नी अपघातात गेलेली, घरी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा. जानेवारीतल्या एका बर्फाळ संध्याकाळी पत्नीच्या नात्यातला एक तरुण त्याच्याकडे येतो. तो बँकेत नोकरीला आहे. त्याची वाग्दत्त वधू शोको सेकिने एकाएकी निघून गेली आहे. कारण वरवर पाहता क्षुल्लक आहे. लग्नाच्या खरेदीसाठी तिनं क्रेडिट कार्ड काढावं असं त्यानं सुचवलं, अर्ज नामंजूर झाला, आणि चौकशीत कळलं की या नावाच्या बाईनं काही वर्षांपूर्वी दिवाळखोरी घेतली होती. त्यानं विचारलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवसापासून ती ना घरी आहे, ना नोकरीवर.

इथून होन्मा काय करतो ते नीट बघण्यासारखं आहे. रजेवर असल्यानं त्याच्याकडे ओळखपत्र नाही, कुणाला दम देता येत नाही. तो लंगडत लंगडत लोकांना भेटतो आणि ऐकतो. तिच्या खोलीत गेल्यावर त्याला दिसतं की स्वयंपाकघरातला पंखासुद्धा लख्ख पुसलेला आहे. तिची दिवाळखोरी ज्या वकिलानं हाताळली, त्यांना तो तिचा फोटो दाखवतो. वकील सांगतात, ही ती बाई नव्हेच. म्हणजे नाव एकीचं, चेहरा दुसरीचा. बेपत्ता स्त्री एक नसून दोन आहेत. एक खरी शोको, जी कुठे गेली ते कुणीच विचारलेलं नाही. आणि दुसरी, तिच्या नावानं इतके दिवस जगलेली.

या दुसरीच्या खोलीत एका घराचा पोलरॉइड फोटो सापडतो. घर साधंच, पण मागे क्रीडांगणाचे उंच दिवे दिसतात, आणि त्यांची तोंडं भलत्या दिशेला वाटतात. होन्मा त्या एका विसंगतीचा पिच्छा पुरवत ओसाकाला पोहोचतो. तिथलं जुनं बेसबॉल मैदान आता नमुना घरांचं प्रदर्शन झालेलं आहे. नानकाई हॉक्स हा संघ १९८८ साली विकला गेला, फुकुओकाला निघून गेला आणि मैदान रिकामं पडलं, हा जपानचा खरा इतिहास आहे. घर मैदानाच्या आतच उभं आहे, म्हणून दिवे त्याच्याकडे बघतात. एका मुलीनं कधीच न मिळालेल्या घराचा फोटो जपून ठेवला होता, एवढं त्यातून समजतं. आणि ‘घर’ हाच तिच्या सगळ्या दुःखाचा उगम आहे, हे पुढे उघड होतं.

तिचं खरं नाव क्योको शिंजो. वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन घरासाठी कर्ज काढलं. हप्ते झेपेनात, म्हणून ग्राहककर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांकडून घेतलं, मग एकाचं फेडायला दुसऱ्याचं. वसुलीला गुंड येऊ लागले आणि एका रात्री कुटुंब घर सोडून पळालं. क्योको तेव्हा शाळकरी वयाची. पुढे ती इसे गावात लग्न करून सुखानं राहू बघते. पण लग्नाची नोंद कौटुंबिक नोंदवहीत होताच, ती नोंद धुंडाळत वसुलीवाले सासरी पोहोचतात. कर्ज तिचं नव्हतं. कायद्यानं ती देणेकरी नव्हती. तरी तिचं जगणं त्यांनी अशक्य करून टाकलं.

कादंबरीतला मला सर्वांत हलवून गेलेला प्रसंग इथे येतो. वडील बेपत्ता आहेत. ते मेले असतील तर वारसाहक्क कायदेशीरपणे नाकारून हे ओझं झटकता येईल. पण मृत्यूचा पुरावा नाही, आणि न्यायालयानं मृत घोषित करायला सात वर्षं लागतात. जपानच्या सरकारी राजपत्रात बेवारस मृतांची वर्णनं छापून येतात: अंदाजे वय, अंगावरचे कपडे, जवळच्या वस्तू. क्योको वाचनालयात बसून ते अंक चाळते. नवरा शेजारी बसलेला आहे. पानं उलटताना तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसते ती आपला बाप या यादीत असू दे अशी प्रार्थना. त्या क्षणी त्याचं मन तिच्यावरून उडतं आणि संसार संपतो.

या प्रसंगात क्योकोला वाईट म्हणणं सोपं आहे. मला मात्र ती वर्षं आठवतात, जेव्हा कर्जदार परागंदा झाल्यावर त्याची बायको आमच्या काउंटरसमोर उभी राहायची. आपल्याकडेही मुदत सात वर्षांचीच आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये ती तशीच आली. ज्याच्याबद्दल सात वर्षं काही कळलं नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करावं. तोवर त्या बाईची स्थिती काय? ती विधवा नाही, घटस्फोटित नाही. नवऱ्याच्या खात्यातली ठेव मागायला आली तर बँक पोलिसांचा ‘शोध लागत नाही’ असा दाखला मागते, रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचा आदेश मागते. विमा कंपनीही मृत्यूचा पुरावा किंवा आदेश मागते. आणि त्याच वेळी नवऱ्याच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतच असतो. जामीनदार दारात येऊन बसतो. सात वर्षं माणूस कागदावर जिवंत असतो तो केवळ देणेकरी म्हणून. अशा बाईनं वर्तमानपत्रातली ‘अनोळखी मृतदेह, ओळख पटवण्याचे आवाहन’ ही छोटी चौकट कुठल्या मनानं वाचली असेल, हे विचारायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

मियाबेंना हे सगळं कुठून कळलं? त्या स्वतः वकिलाच्या कचेरीत नोकरी करत होत्या. आणि ही कादंबरी जपानच्या एका खऱ्या जखमेवर बोट ठेवून लिहिलेली आहे. तिथे पगारदार माणसाला विनातारण, झटपट कर्ज देणाऱ्या ‘साराकिन’ कंपन्या सत्तरच्या दशकात फोफावल्या. १९८३ पर्यंत फौजदारी कायद्यानं ठरवलेली व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला १०९.५ टक्के होती. त्यानंतर ती ७३ टक्के झाली, मग आणखी खाली आली, पण कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हाही ४० टक्क्यांच्या घरात होती. देशोधडी, आत्महत्या आणि रातोरात घर सोडून पळणं या गोष्टी इतक्या वाढल्या की त्यांवर स्वतंत्र चळवळ उभी राहिली. केंजी उत्सुनोमिया हे वकील त्या चळवळीतलं ठळक नाव. कादंबरीतले वकील मिझोगुची त्यांच्यावरूनच घेतलेले आहेत. उत्सुनोमिया पुढे जपानच्या वकील महासंघाचे अध्यक्ष झाले.

कादंबरीत हे मिझोगुची होन्माला कर्जाबद्दल पानंच्या पानं समजावून सांगतात. रहस्यकथेत एवढं लांब व्याख्यान कशाला, असं काही वाचकांना वाटेल. माझ्या मते तेच पुस्तकाचं हृदय आहे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा: कर्जात बुडालेल्या माणसाला उधळ्या म्हणून हिणवणं म्हणजे अपघातात सापडलेल्या प्रत्येकाला बेफिकीर चालक म्हणण्यासारखं आहे. रस्ता कसा बांधलाय, दिवे आहेत का, हे कुणी बघायचंच नाही. खरी शोको उत्सुनोमिया नावाच्या शहरातून तोकियोला आलेली साधी कचेरीतली मुलगी. चार चांगल्या वस्तू आपल्याही असाव्यात, एवढीच तिची हाव. कार्ड मिळत गेलं, मर्यादा वाढत गेली, हप्त्यासाठी दुसरं कर्ज झालं. शेवटी तिनं दिवाळखोरीचा कायदेशीर मार्ग धरला आणि ती त्यातून सुटली. क्योकोच्या कुटुंबाला हा मार्ग आहे हेच ठाऊक नव्हतं. म्हणून ते पळाले. आणि पळता पळता क्योको दुसऱ्या बाईचं आयुष्य हिसकावण्यापर्यंत गेली. ज्या नावाआड ती लपली ते नावच दिवाळखोर निघालं, हे तिला क्रेडिट कार्डाच्या अर्जानं सांगितलं. एका वकिलाचा पत्ता वेळेवर मिळाला असता, तर दोन्ही मुली आपापलं आयुष्य जगल्या असत्या. कादंबरी हे कुठेही ओरडून सांगत नाही, पण प्रत्येक पानातून ते कळतं.

माझी पिढी बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजारवर वाढली. त्या पुस्तकांनी आम्हाला वाचनाची चटक लावली, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. तिथे गुन्हेगार सापडला की पुस्तक मिटायचं. ‘काशा’त जिचा शोध चालू आहे ती क्योको अगदी शेवटच्या पानांवर समोर येते, आणि एक शब्दही बोलत नाही. तरी आपण तिला तोवर पूर्ण ओळखलेलं असतं, कारण होन्मानं तिच्या प्रत्येक भीतीचा माग काढलेला असतो. ती सापडल्यावर त्याला तिला काही विचारून कोंडीत पकडायचं नसतं, तिची हकीकत ऐकायची असते. बेपत्ता माणसाच्या तपासाचा मला तरी एवढाच अर्थ कळतो: माणसाला ओळखणं.

आता आपल्याकडे येऊ. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून अठरा वर्षांवरच्या १ लाख ७८ हजार ४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद आहे. मुलींची संख्या १३ हजार ३३. हे आकडे आले तेव्हा बरीच भाषणं झाली. यातल्या पुष्कळ जणी परत येतात, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण परत आलेलीच्या नोंदीवर ‘मिळून आली’ असा शेरा पडतो आणि कागद बंद होतो. का गेली होती, कशाला भ्याली होती, ती भीती अजून घराबाहेर उभी आहे का, हे त्या शेऱ्यात येत नाही.

बालकांच्या बाबतीत कायदा जागा झाला. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. प्रौढ माणसाला हे संरक्षण नाही. त्याची ‘मिसिंग’ होते. रजिस्टरला नंबर पडतो, वर्णन आणि फोटो घेतला जातो, चौकशी एखाद्या हवालदाराकडे सोपवली जाते. मोबाइल चालू असेल तर लोकेशन बघतात, फार झालं तर सीडीआर, म्हणजे कॉल रेकॉर्ड, काढतात. चोवीस तास थांबा आणि मग या, असंही अनेक ठिकाणी अजून सांगितलं जातं. असा कुठलाही नियम नाही, हे वाचकांनी पक्कं लक्षात ठेवावं.

एक उदाहरण सांगते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आमच्या शाखेची खातेदार होती. आई विड्या वळायची. पानं आणि तंबाखू घरी आणून हजारामागे मजुरी घेणारी. एक दिवस मुलगी कामावरून घरी आलीच नाही. आई ठाण्यात गेली, मिसिंग दाखल झाली, आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, कुणाबरोबर गेली? गल्लीनं दोन-तीन नावंही जोडून टाकली. आई मुलीचं पासबुक घेऊन माझ्यासमोर आली. “मॅडम, ह्यात काय लिवलंय का बघा,” एवढंच म्हणाली.

पासबुक भरून घेतलं तर त्यात सगळं लिहिलेलं होतं. पगाराच्या नोंदींच्या अधेमधे दोन हजार, साडेतीन हजार अशा रकमा जमा. जमा करणारी नावं कधी न ऐकलेली. आठवड्याभरात त्याहून मोठी रक्कम वजा. मग पुन्हा जमा, पुन्हा वजा, आणि शेवटच्या पानावर हप्ता परत गेल्याचे दंड एकाखाली एक. मोबाइलवरच्या अॅपमधून कर्ज घेतलं होतं, एकाचं फेडायला दुसऱ्याचं. मैत्रिणींना विचारल्यावर कळलं, की तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे मेसेज गेले होते, तिचा फोटो बिघडवून पाठवला होता. तिला घरी तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ती गेली होती. कुणाबरोबरही नाही. शेवटची नोंद दुसऱ्या शहरातल्या एटीएमची होती. आई आणि मामा तिकडे गेले, आणि ती एका शिलाईच्या कामावरच सापडली. ठाण्यात त्या पासबुकाकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायला कुणी नकार दिला असंही नाही. विचारायच्या प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले, की डिजिटल कर्ज देणाऱ्यानं कर्जदाराच्या फोनमधले संपर्क आणि फोटो वापरायचे नाहीत, आणि वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत. नियम चांगले आहेत. पण ते नोंदणीकृत संस्थांना लागू होतात. रात्रीतून नाव बदलणारं बेकायदा अॅप ते वाचतही नाही. आणि गावोगावचा विनापरवाना सावकार तर कुठल्याच फोनवर नसतो, तो दारातच येतो. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा त्याच्यासाठी आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. मात्र ज्यानं धमकावलं त्याच्याविरुद्ध तक्रार बहुतेक वेळा धमकी मिळालेला माणूसच करतो. तो बेपत्ता झाला की धमकीही त्याच्याबरोबर बेपत्ता होते. म्हणूनच मिसिंगच्या तपासातच ती पकडली पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला पोलिसांचा. एका हवालदाराकडे बंदोबस्त, समन्स, न्यायालयाची तारीख आणि वर अनेक मिसिंग. त्यानं पासबुकं कधी वाचायची? माझं उत्तर, की हे काम वाढवणारं नाही, दिशा देणारं आहे. कॉल रेकॉर्डची शेकडो पानं चाळण्याआधी खात्याची शेवटची तीन पानं वाचली, तर बहुतेक वेळा कुठे बघायचं ते कळतं. जबाबाच्या छापील नमुन्यात चार प्रश्न वाढवा: कर्ज कुणाकुणाचं होतं, जामीनदार कोण, वसुलीला कोण येत होतं किंवा फोन करत होतं, आणि कुणी धमकी दिली होती का. उत्तरात धमकी निघाली तर भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८ आहे, धाकदपटशाचं कलम ३५१ आहे. खंडणी असेल तर मिसिंगचा नंबर बाजूला ठेवून थेट गुन्हा नोंदवता येतो.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रौढ माणसाला घर सोडून जायचा हक्क आहे. नको असलेल्या लग्नातून, मारहाणीतून सुटून गेलेल्या मुलीचा माग काढून तिला पुन्हा त्याच घरात आणून टाकणं हा तपास नव्हे, तो छळाचा पुढचा भाग आहे. हे मला शंभर टक्के मान्य आहे. ‘काशा’तही माहितीची हीच भयंकर बाजू दिसते. क्योको एका टपालविक्री कंपनीत काम करताना गिऱ्हाइकांच्या माहितीतूनच सावज निवडते: जवळचं कुणी नसलेली, आपल्या वयाची बाई. म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे. खात्याची माहिती तपास अधिकाऱ्यानं लेखी मागावी, ती फाइलबाहेर जाऊ नये. आणि सापडलेल्या प्रौढ व्यक्तीचा जबाब एकांतात घ्यावा. तिनं सांगितलं की घरी जायचं नाही, तर घरच्यांना ‘सुखरूप आहे’ एवढंच कळवावं, पत्ता देऊ नये. शोधणं वेगळं, परत आणणं वेगळं. यातला फरक तपास करणाऱ्यानं रोज पाळायला हवा.

पण तपास कितीही सुधारला, तरी पळालेला माणूस परत कशाच्या भरवशावर येणार? इथे आपल्या कायद्यातलं मोठं भगदाड आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नव्यानं सुरुवात’ करण्याची प्रक्रिया लिहिलेली आहे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत आणि कर्ज ३५ हजारांपर्यंत आहे, ज्याच्या नावावर घर नाही, त्याचं कर्ज माफ होऊन त्याला पुन्हा उभं राहता यावं, अशी ती तरतूद. पण ती अजून लागूच केलेली नाही. व्यक्तींबाबतचा त्या संहितेचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी राहिलेल्या लोकांपुरता अमलात आला. बाकी सामान्य माणसासाठी आजही ब्रिटिशांच्या काळातले नादारीचे कायदे: मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा, उरलेल्यांसाठी १९२० चा. माझ्या नोकरीत नादारीचा अर्ज केलेला विडी कामगार किंवा यंत्रमाग कामगार मी पाहिला नाही. घर सोडून गेलेले मात्र पाहिले. हजारो कोटी बुडवणाऱ्या कंपनीला देणी मिटवून बाहेर पडायला न्यायाधिकरण आहे, मुदती आहेत, व्यावसायिक आहेत. तीस हजारांच्या कर्जदारासमोर एकच रस्ता मोकळा राहतो, तो एसटी स्टँडकडे जातो.

जपाननं आपला रस्ता बदलला. २००३ साली तिथे सुमारे २ लाख ४२ हजार लोकांनी व्यक्तिगत दिवाळखोरी घेतली. आकडा भीतिदायक होता, पण त्यामुळे प्रश्न झाकला न जाता सगळ्यांसमोर आला. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला. २०१० पासून व्याजाची कमाल मर्यादा २० टक्क्यांवर आली, आणि कुणालाही त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त विनातारण कर्ज अशा कंपन्यांनी द्यायचं नाही असं ठरलं. हे यश वकिलांच्या, कर्जदारांच्या संघटनांचं आहे. पण कर्जदार म्हणजे उधळ्या ही समजूत मोडून काढण्यात ‘काशा’सारख्या लोकप्रिय कादंबरीचाही वाटा आहे, असं मी मानते. दक्षिण कोरियातही २०१२ साली या कथेवर चित्रपट निघाला. मराठीत आपल्या साताऱ्याची, सोलापूरची, भिवंडीची अशी कादंबरी कुणी तरी लिहावी. साहित्य म्हणून तिची गरज आहेच, पण तिच्यामुळे पोलीस ठाण्यातला पहिला प्रश्न बदलू शकतो.

सरकारनं ‘नव्यानं सुरुवात’ची प्रक्रिया लागू करावी, तिच्या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवाव्यात, आणि त्याची माहिती प्रत्येक बँकेच्या, बचत गटाच्या, मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जकागदावर मराठीत छापणं सक्तीचं करावं. गृहखात्यानं मिसिंगच्या नमुन्यात ते चार प्रश्न घालावेत. त्याला विधेयक लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. तोवर आपण वाट बघत बसायचं कारण नाही. ओळखीच्या घरातलं कुणी बेपत्ता झालं, तर त्याच्या चारित्र्याची चर्चा थांबवा. पासबुक भरून घ्या, वसुलीचे मेसेज जपून ठेवा, जामीनदाराला भेटा, येणारी माणसं कोण होती ते शेजाऱ्यांना विचारा. हे सगळं लेखी अर्जाला जोडून ठाण्यात द्या, आणि शिक्का-सहीची पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.